मॉरिस युइंग

विल्यम मॉरिस युइंग (जन्म : लॉकनी, टेक्सास, १२ मे १९०६, मृत्यू : गॅल्व्हेस्टन, टेक्सास, ४ मे १९७४) हे अमेरिकी भूभौतिकीविज्ञ व सागरवैज्ञानिक होते. जमिनीवर खनिज तेलाच्या शोधासाठी वापरली जाणारी भूकंपीय पद्धत त्यांनी समुद्रावर नेली आणि महासागरतळाखालील गाळाची व खडकांची रचना प्रत्यक्ष मोजमापांनी उजेडात आणली. कोलंबिया विद्यापीठाच्या लॅमाँट भूवैज्ञानिक वेधशाळेचे ते संस्थापक संचालक होते. त्यांच्या नेतृत्वाखाली जमलेल्या नोंदी भूपट्ट सांरचनिकीच्या सिद्धांताला मोठा आधार ठरल्या. मात्र त्या सिद्धांतामागील कल्पना स्वतः युइंग यांनी बराच काळ मान्य केल्या नव्हत्या. खोल समुद्रातील तेलसाठ्यांचा शोध आणि उत्पादन सुरू झाल्यावर त्या साठ्यांत होणाऱ्या बदलांवरील भूकंपीय देखरेख या आजच्या तंत्रांच्या पूर्वेतिहासात त्यांच्या कार्याला महत्त्वाचे स्थान आहे.

बालपण आणि शिक्षण

युइंग यांचा जन्म टेक्सास राज्याच्या वायव्य भागातील लॉकनी या लहान गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. वडील फ्लॉइड फोर्ड युइंग यांना साहित्याची व संगीताची आवड होती. परंतु उपजीविकेसाठी त्यांना गुरे राखणे, कोरडवाहू शेती आणि पुढे शेतीची अवजारे व लोखंडी सामानाचा व्यापार असे उद्योग करावे लागले. आईचे नाव होप हॅमिल्टन युइंग. या दांपत्याच्या हयात राहिलेल्या मुलांत मॉरिस हे थोरले होते. घरची परिस्थिती बेताचीच होती.

१९२२ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, शिष्यवृत्ती मिळवून त्यांनी ह्यूस्टनच्या राइस इन्स्टिट्यूटमध्ये प्रवेश घेतला. शिष्यवृत्तीची रक्कम पुरेशी नसल्याने रात्रभर उघड्या असणाऱ्या औषधांच्या दुकानात आणि ग्रंथालयात काम करून ते शिकले. विद्यार्थिदशेतच, १९२६ मध्ये, चांदण्यात दवबिंदूंवर दिसणाऱ्या इंद्रधनुष्यासारख्या कमानीविषयीचा त्यांचा छोटा लेख 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ते गणित व भौतिकी हे विषय घेऊन पदवीधर झाले. १९२७ मध्ये त्यांनी पदव्युत्तर पदवी आणि १९३१ मध्ये डॉक्टरेट मिळवली. मधल्या उन्हाळी सुट्ट्यांत त्यांनी लुइझियानातील उथळ सरोवरांवर तेल शोधणाऱ्या तुकड्यांबरोबर काम केले. भूकंपीय पद्धतीशी त्यांचा पहिला प्रत्यक्ष परिचय येथेच झाला.

भूकंपीय पद्धतीची पार्श्वभूमी

जमिनीत लहानसा स्फोट घडवला की त्याच्या लहरी खोलवर पसरतात. दोन वेगवेगळ्या थरांच्या सीमेवर त्यांचा काही भाग परावर्तित होऊन वर येतो, तर काही भाग वाकून अधिक कठीण थरातून वेगाने पुढे जातो व दूरवर पुन्हा पृष्ठभागी पोहोचतो. पृष्ठभागावर ठरावीक अंतरांवर मांडलेल्या ग्राहकांत लहर किती वेळाने पोहोचली हे मोजले, की थरांची खोली आणि त्यांतील लहरींचा वेग यांचे गणित मांडता येते. यांपैकी पहिल्या पद्धतीला परावर्तन पद्धत व दुसरीला प्रणमन पद्धत म्हणतात.

प्रणमन पद्धतीचा व्यापारी वापर जर्मनीतील लुडगर मिन्ट्रोप यांनी रूढ केला. १९२४ मध्ये या पद्धतीने टेक्सासच्या किनारी प्रदेशात मिठाचा घुमट शोधण्यात आला. जमिनीखालील मिठाचे जाड थर हलके व प्रवाही असल्याने वरचे थर उचलत घुमटासारखे वर सरकतात आणि त्यांच्या कडांशी तेल साठून राहते. म्हणून तेल कंपन्यांना या घुमटांचे महत्त्व होते. परावर्तन पद्धतीच्या चाचण्या जॉन क्लॅरेन्स कार्चर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२१ मध्ये ओक्लाहोमात घेतल्या. युइंग ह्यूस्टनमध्ये शिकत होते ती वर्षे आणि तो प्रदेश हेच या नव्या तंत्राच्या प्रसाराचे वर्ष व स्थळ होते.

समुद्रावरील पहिले प्रयोग

पिट्सबर्ग विद्यापीठात अल्पकाळ अध्यापन केल्यावर १९३० मध्ये युइंग पेनसिल्व्हेनियातील लीहाय विद्यापीठात भौतिकीचे अध्यापक झाले. तेथे संशोधनासाठी पैसा जवळजवळ नव्हताच. विद्यार्थ्यांना हाताशी धरून, स्वतः बनवलेल्या उपकरणांनी ते आसपासच्या भागात स्फोटांचे प्रयोग करीत.

नोव्हेंबर १९३४ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील भूवैज्ञानिक रिचर्ड फील्ड आणि अमेरिकी किनारा व भूमापन खात्याचे विल्यम बोवी त्यांना भेटण्यास आले. खंडांच्या कडेला समुद्राखाली बुडालेली उथळ सपाट भूमी, म्हणजे खंडफळी, कशाची बनलेली आहे, आणि जिथे ती एकदम खोल समुद्रात उतरते ती कड खडकाची की गाळाची, हा त्यांचा प्रश्न होता. भूकंपीय पद्धतीने याचे उत्तर मिळेल काय, असे त्यांनी विचारले. युइंग यांनी ते शक्य असल्याचे सांगितले. खंडफळीचे सर्वेक्षण करण्याची कल्पना त्यांनी याआधी तेल कंपन्यांपुढे मांडून पाहिली होती. परंतु जमिनीवर स्वस्त तेल मुबलक मिळत असताना समुद्राखालच्या तेलात कोणालाही रस नव्हता. अखेर अमेरिकन भूवैज्ञानिक संस्थेने दिलेल्या २,००० डॉलरच्या अनुदानावर हे काम सुरू झाले.

१९३५ मध्ये व्हर्जिनियाच्या किनारी मैदानापासून मोजणीची रेषा आखून ती समुद्रात नेण्यात आली. समुद्रावरील भागासाठी वुड्स होल सागरविज्ञान संस्थेच्या 'ॲटलांटिस' या शिडाच्या जहाजाचा उपयोग झाला. ग्राहक यंत्रे तळावर उतरवायची, काही अंतरावर स्फोट घडवायचा आणि डोलणाऱ्या जहाजावर नोंद घ्यायची, अशी ही पद्धत होती. किनाऱ्याजवळ पृष्ठभागाशी असलेला कठीण पायाचा खडक समुद्राकडे उतरत जातो आणि त्यावर काही किलोमीटर जाडीचा गाळ साचलेला आहे, असे या मोजणीतून दिसले. खंडफळी ही गाळाची प्रचंड रास आहे, हे अशा रीतीने प्रत्यक्ष मोजमापाने सिद्ध झाले. १९३७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जगातील समुद्री तेलाचा मोठा भाग ज्या गाळराशींतून पुढे निघाला, त्यांचे भूकंपीय चित्र पाहण्याचा हा आरंभ होता.

यानंतर युइंग यांनी खोल समुद्राकडे लक्ष वळवले. हजारो मीटर खोलीवर दोर न लावता उतरणारी आणि काम झाल्यावर आपोआप वर येणारी यंत्रे त्यांनी ॲलन व्हाइन व जे. लामार वर्झेल या विद्यार्थ्यांसह तयार केली. यंत्राला वजन बांधून ते सोडून दिले जाई. वजन धरून ठेवणारा मिठाचा खडा पाण्यात विरघळला की वजन सुटे आणि पेट्रोलने भरलेल्या तरंडामुळे यंत्र पृष्ठभागी येई. अनेक यंत्रे हरवली, कित्येक नोंदी वाया गेल्या. याच खटाटोपातून खोल समुद्रतळाची छायाचित्रे घेणारा कॅमेराही तयार झाला.

युद्धकाळातील संशोधन

१९४० मध्ये युइंग आपल्या सहकाऱ्यांसह वुड्स होल येथे गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पाणबुड्यांचा शोध ही निकडीची बाब होती. पाण्याचे तापमान खोलीनुसार बदलते आणि त्यामुळे ध्वनिलहरी वाकतात. परिणामी काही ठिकाणी पाणबुडी ध्वनियंत्रास सापडतच नाही. तापमानाची खोलीनुसार नोंद घेणाऱ्या यंत्रात व्हाइन व युइंग यांनी सुधारणा केली आणि त्याचा वापर नौदलाच्या पाणबुड्यांवर होऊ लागला.

महासागरात एका विशिष्ट खोलीवर ध्वनीचा वेग सर्वांत कमी असतो. तेथे निघालेला ध्वनी वर किंवा खाली निसटू न शकता त्याच थरात अडकून फार दूरवर जातो, असे युइंग यांनी भाकीत केले होते. १९४४ मध्ये घेतलेल्या चाचण्यांत लहानशा स्फोटांचा आवाज शेकडो मैलांवर स्पष्ट ऐकू आला. समुद्रात पडलेल्या वैमानिकांचे ठिकाण शोधण्यासाठी या ध्वनिमार्गाचा उपयोग सुचवण्यात आला, आणि पुढे पाणबुड्यांवर दूरवरून पाळत ठेवण्याच्या यंत्रणेचाही तो आधार बनला. या विषयावरील युइंग, वर्झेल व चेम पेकेरिस यांचा ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला.

लॅमाँट वेधशाळा

१९४४ मध्ये युइंग कोलंबिया विद्यापीठात आले. वर्झेल यांच्यासारखे जुने सहकारी त्यांच्याबरोबर होते. संशोधनाचा व्याप वाढल्यावर न्यूयॉर्क शहरातील जागा अपुरी पडू लागली. १९४८ मध्ये बँकव्यावसायिक टॉमस लॅमाँट यांचे निधन झाले आणि त्यांच्या पत्नी फ्लॉरेन्स यांनी हडसन नदीकाठी पॅलिसेड्स येथील आपली मालमत्ता विद्यापीठाला दिली. तेथे १९४९ मध्ये लॅमाँट भूवैज्ञानिक वेधशाळा सुरू झाली. आरंभी राहत्या घराच्या खोल्यांतच काम चाले आणि स्वयंपाकघराचे रूपांतर भूरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत करण्यात आले होते.

सहकारी व विद्यार्थी युइंग यांना 'डॉक' या नावाने ओळखत. ते रात्री उशिरापर्यंत, आठवड्याचे सातही दिवस काम करीत आणि इतरांकडूनही तीच अपेक्षा ठेवत. या वेगाची किंमत त्यांच्या कौटुंबिक जीवनाला मोजावी लागली. त्यांचे पहिले दोन विवाह घटस्फोटात संपले. वेधशाळेतील सर्व मोजमापांवर आणि जहाजांच्या मार्गांवर त्यांची बारीक नजर असे.

वेमा जहाज आणि १९५४ चा अपघात

१९५३ मध्ये वेधशाळेला 'वेमा' हे स्वतःचे जहाज मिळाले. १९२३ मध्ये श्रीमंतांच्या सहलीसाठी बांधलेली ही तीन डोलकाठ्यांची नौका होती. युइंग यांनी ती जगातील सर्वाधिक प्रवास करणाऱ्या संशोधन नौकांपैकी एक बनवली. १९८१ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिने दहा लाखांहून अधिक सागरी मैल अंतर कापले.

जहाज चालू असेपर्यंत मोजमाप थांबता कामा नये, हा युइंग यांचा नियम होता. खोली, गुरुत्वाकर्षण, चुंबकीय क्षेत्र व तळाखालील थरांची परावर्तने यांची नोंद वाटेत सतत घेतली जाई. शिवाय रोज एकदा, जहाज जिथे असेल तिथे थांबून, लांब नळी तळात रुतवून गाळाचा उभा नमुना काढला जाई. तो नमुना कोणत्या प्रश्नासाठी हवा आहे हे त्या वेळी ठाऊक असलेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह नव्हता. पुढे येणाऱ्या प्रश्नांना उत्तर देण्यासाठी नोंद आधीपासून असावी लागते, अशी त्यांची धारणा होती. या पद्धतीवर उद्दिष्टहीन साठवणुकीची टीका झाली. परंतु त्यातून जगातील सर्वांत मोठ्या सागरी गाळनमुन्यांच्या संग्रहांपैकी एक उभा राहिला. लॅमाँटच्याच 'रॉबर्ट कॉनरॅड' या जहाजाने दक्षिण हिंदी महासागरातून आणलेला एक नमुना पुढे १९७६ मध्ये हिमयुगांची आवर्तने पृथ्वीच्या कक्षेतील बदलांशी जोडणाऱ्या प्रसिद्ध संशोधनात वापरला गेला.

जानेवारी १९५४ मध्ये बर्म्युडाच्या उत्तरेस वादळात 'वेमा'वरील तेलाची पिंपे सुटी झाली. ती पुन्हा बांधत असताना एका मोठ्या लाटेने युइंग, त्यांचे बंधू जॉन आणि जहाजावरील दोन अधिकारी यांना समुद्रात ओढून नेले. तिघांना परत जहाजावर घेता आले. एक अधिकारी मात्र बुडाला. युइंग यांच्या मानेला गंभीर दुखापत झाली आणि पुढे आयुष्यभर ते किंचित लंगडत चालत. प्रकृती सुधारताच ते पुन्हा सागरी सफरींवर जाऊ लागले.

महासागरतळाची रचना

लॅमाँटच्या प्रणमन मोजण्यांतून महासागराखालील भूकवच खंडांखालील कवचापेक्षा पुष्कळच पातळ असल्याचे दिसून आले. खंडांखाली कवचाची सरासरी जाडी सुमारे ३५ किमी असते, तर महासागराखाली पाणी व गाळ धरूनही समुद्रसपाटीपासून साधारण १० ते १२ किमी खोलीवरच प्रावरण सुरू होते. महासागर म्हणजे बुडालेले खंड ही जुनी समजूत यामुळे मागे पडली.

१९२९ मध्ये न्यूफाउंडलंडजवळ झालेल्या भूकंपानंतर समुद्राखालील तारायंत्राच्या केबली एकामागून एक तुटल्या होत्या. त्या तुटण्याच्या वेळांवरून, गाळाने भरलेले जड पाण्याचे लोंढे उतारावरून वेगाने धावत खोल समुद्रात जातात, असा निष्कर्ष ब्रूस हीझेन व युइंग यांनी १९५२ मध्ये मांडला. खोल समुद्रात वाळूचे थर कसे पोहोचतात याचे उत्तर त्यात होते. आज खोल समुद्रातील अनेक तेलसाठे याच प्रकारच्या लोंढ्यांनी टाकलेल्या वाळूत सापडतात.

मेरी थार्प यांनी सागरतळाचे नकाशे रेखाटताना अटलांटिकच्या मध्यवर्ती पर्वतरांगेच्या माथ्यावर खचदरी असल्याचे ओळखले. भूकंपांच्या स्थानांशी तिचा मेळ बसत असल्याचे दिसल्यावर, ही रांग सर्व महासागरांतून ६०,००० किमीहून अधिक लांब पसरलेली आहे असे युइंग व हीझेन यांनी १९५६ मध्ये दाखवले. पुढील काळात युइंग व हीझेन यांचे संबंध बिघडले; हीझेन यांना वेधशाळेची जहाजे व नोंदी वापरणे कठीण झाले आणि थार्प यांना घरून काम करावे लागले. लॅमाँटच्या इतिहासातील हा दुःखद भाग मानला जातो.

स्तरित माध्यमांतील लहरींविषयीचा युइंग, वेन्सेस्लास यार्डेट्स्की व फ्रँक प्रेस यांचा ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो भूकंपविज्ञानातील प्रमाणग्रंथ ठरला. चंद्रावर भूकंपमापक ठेवण्याच्या अपोलो मोहिमांच्या प्रयोगातही युइंग यांचा सहभाग होता.

खंडविप्लवाविषयीची भूमिका

खंड सरकतात आणि सागरतळ पर्वतरांगांपासून दोन्ही बाजूंना पसरतो, या कल्पना युइंग यांनी बराच काळ स्वीकारल्या नाहीत. त्यांच्या दृष्टीने पुरावा अपुरा होता आणि समुद्रतळावरील गाळाची मांडणी या कल्पनेशी जुळत नव्हती. १९६६ मध्ये वॉल्टर पिटमन यांनी लॅमाँट येथे 'एल्टानिन' जहाजाच्या चुंबकीय नोंदी तपासल्या. पर्वतरांगेच्या दोन्ही बाजूंचे पट्टे एकमेकांचे जणू प्रतिबिंब होते. त्यानंतर लॅमाँटमधील तरुण संशोधकांनी वर्षानुवर्षे साठवलेल्या नोंदी बाहेर काढून सागरतळविस्तारणाचे पुरावे झपाट्याने पुढे आणले. युइंग यांचे मत त्यानंतर हळूहळू बदलले. त्यांनी स्वतः नाकारलेल्या सिद्धांताचा पुरावा त्यांच्याच शिस्तीने जमवलेल्या कपाटांत होता, ही गोष्ट त्यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना नेहमी सांगितली जाते.

सिग्सबी टेकड्या आणि खोल समुद्रातील तेल

मेक्सिकोच्या आखाताच्या मध्यभागी साडेतीन हजार मीटरांहून खोल असलेल्या सपाट तळावर काही टेकड्या उभ्या आहेत. त्यांना सिग्सबी टेकड्या म्हणतात. परावर्तन नोंदींवरून युइंग व वर्झेल यांनी हे मिठाचे घुमट असावेत असे अनुमान काढले. इतक्या खोल समुद्राखाली मिठाचे थर असणे त्या काळी अनेकांना अशक्य वाटे, कारण असे थर उथळ पाणी आटून तयार होतात.

१९६८ मध्ये 'ग्लोमार चॅलेंजर' या जहाजाने खोल समुद्र वेधन प्रकल्पाची पहिली सफर सुरू केली. युइंग व वर्झेल हे या सफरीचे प्रमुख वैज्ञानिक होते. ऑगस्टमध्ये सुमारे ३,५७० मीटर खोल पाण्यात यांपैकी एका टेकडीवर वेध घेतला गेला, आणि वर आलेल्या नमुन्यात मिठाच्या घुमटाच्या माथ्यावर आढळणारा विशिष्ट खडक, गंधक व खनिज तेल मिळाले. १९३० च्या दशकात तेल कंपन्यांना खंडफळीतही रस नव्हता; आता त्याहून कितीतरी खोल पाण्याखाली तेल असू शकते, याचा प्रत्यक्ष पुरावा हाती आला.

या शोधाने एक चिंताही निर्माण केली. संशोधन जहाजावर दाबाखालील तेल किंवा वायू उसळल्यास तो रोखण्याची व्यवस्था नव्हती. त्यामुळे पुढील सफरींची स्थळे ठरवताना भूकंपीय नोंदी तपासून तेल असण्याचा संभव असलेली ठिकाणे टाळण्यासाठी सुरक्षा समिती नेमण्यात आली. व्यापारी उत्पादनाला आणखी बराच काळ लागला. मेक्सिकोच्या आखातात १९९४ मध्ये 'ऑगर' क्षेत्रात सुमारे ८७० मीटर, तर २०१० मध्ये 'पर्डिडो' येथे सुमारे २,४५० मीटर खोल पाण्यातून तेल काढणे सुरू झाले.

अखेरची वर्षे

१९६९ मध्ये तेल व वायू व्यावसायिक हेन्री डोहर्टी यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाने दिलेल्या मोठ्या देणगीनंतर वेधशाळेचे नाव लॅमाँट-डोहर्टी असे झाले. या सुमारास विद्यापीठाचे प्रशासन आणि युइंग यांच्यात वेधशाळेच्या कारभारावरून मतभेद वाढले. आपण उभारलेल्या संस्थेची सूत्रे आपल्या हातून निसटत आहेत असे त्यांना वाटू लागले. १९७२ मध्ये, वेधशाळेच्या स्थापनेपासून सांभाळलेले संचालकपद सोडून ते टेक्सासला परतले आणि गॅल्व्हेस्टन येथे टेक्सास विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेतील सागरी संस्थेत भूविज्ञान व ग्रहविज्ञान विभागाचे प्रमुख झाले. 'आयडा ग्रीन' या जहाजावरून मेक्सिकोच्या आखाताचे भूकंपीय सर्वेक्षण त्यांनी तेथे नव्याने हाती घेतले.

एप्रिल १९७४ च्या अखेरीस त्यांना मेंदूतील रक्तस्रावाचा झटका आला आणि ४ मे १९७४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचा दफनविधी पॅलिसेड्स येथे, त्यांनीच उभारलेल्या वेधशाळेच्या परिसराजवळ झाला.

तेलसाठ्यांवरील भूकंपीय देखरेख

उत्पादन चालू असलेल्या तेलसाठ्याचे ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा भूकंपीय चित्र घेण्याची पद्धत युइंग यांच्या निधनानंतर विकसित झाली. लांबी, रुंदी व खोली या तीन मितींना काळाची जोड मिळाल्याने तिला चतुर्मितीय सर्वेक्षण म्हणतात. उत्पादनापूर्वी आधारभूत सर्वेक्षण केले जाते, काही काळाने तेच पुन्हा केले जाते आणि दोन्ही चित्रांतील फरक पाहिला जातो. तेलाची जागा पाण्याने घेतली की खडकातील लहरींचा वेग थोडा वाढतो. दाब घटून तेलातील वायू सुटा झाला की तो लक्षणीय घटतो. साठा दबला तर वरचे थर ताणले जातात आणि लहरी उशिरा परततात. या खुणांवरून कोठे तेल निघाले आणि कोठे अजून अडकून आहे हे समजते. खोल समुद्रात एकेका विहिरीचा खर्च प्रचंड असल्याने विहिरी थोड्या व दूर दूर असतात. त्यांच्यामधल्या भागात काय घडते आहे हे जाणण्याचा दुसरा मार्ग सहसा नसतो.

फरक अगदी सूक्ष्म असल्याने स्फोटस्थाने व ग्राहक दर वेळी शक्य तितके त्याच जागी असणे आवश्यक असते. खोल पाण्यात आणखी एक अडचण येते. भरती-ओहोटीमुळे आणि ऋतूनुसार बदलणारे तापमान व क्षारता यांमुळे लहरींना पाण्यातून जाण्यास लागणारा वेळ काही सहस्रांश सेकंदांनी बदलतो. हा बदल वजा केला नाही, तर पाण्यातला फरक साठ्यातला फरक म्हणून वाचला जाण्याचा धोका असतो. समुद्रातील तापमान व ध्वनिवेग यांच्या ज्या संबंधावर युइंग यांनी युद्धकाळात काम केले, तोच येथे दुरुस्तीचा पाया ठरतो.

१९९० च्या दशकाच्या आरंभी लॅमाँट-डोहर्टी वेधशाळेतील संशोधकांनीच मेक्सिकोच्या आखातातील 'युजीन आयलंड ३३०' या क्षेत्राच्या वेगवेगळ्या वर्षांतील सर्वेक्षणांची तुलना करून या पद्धतीच्या विकासात भाग घेतला. शेटलंड बेटांच्या पश्चिमेकडील 'फॉइनाव्हन' क्षेत्रात १९९५ मध्ये, उत्पादन सुरू होण्यापूर्वीच, समुद्रतळावर ग्राहक बसवून आधारभूत नोंद घेण्यात आली. ब्राझीलच्या किनाऱ्याजवळील 'जुबार्ते' क्षेत्रात २०१२ मध्ये हजार मीटरांहून अधिक खोल तळावर प्रकाशतंतूंवर चालणारे ग्राहक कायमचे बसवण्यात आले. युइंग यांनी स्वतः अशी देखरेख केली नाही. परंतु प्रश्न उभा राहण्याआधी नोंद घेऊन ठेवावी, हे त्यांच्या सफरींचे तत्त्व येथे व्यवहाराची अट बनले आहे : उत्पादनापूर्वीची नोंद राहून गेली, तर ती नंतर कधीही घेता येत नाही.

भारताशी संबंध

१९५९ ते १९६५ या काळातील आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या सुमारास 'वेमा' व 'रॉबर्ट कॉनरॅड' या जहाजांनी हिंदी महासागरात मोजमापे केली. त्यांवर आधारलेला हिंदी महासागरातील गाळाच्या विस्ताराविषयीचा युइंग व सहकाऱ्यांचा शोधनिबंध १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. हिमालयातून गंगा-ब्रह्मपुत्रेने आणलेल्या गाळाची बंगालच्या उपसागरातील प्रचंड रास हा त्यातील महत्त्वाचा भाग होता. याच मोहिमेची फलश्रुती म्हणून १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय गोव्यात दोना पावला येथे आहे.

मुंबईच्या पश्चिमेस खंडफळीवर असलेले बॉम्बे हाय तेलक्षेत्र भूकंपीय सर्वेक्षणातून लक्षात आले आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या वेधनमंचाने तेथे तेल शोधले. या कामाशी युइंग यांचा प्रत्यक्ष संबंध नव्हता; परंतु खंडफळीवरील जाड गाळराशी भूकंपीय पद्धतीने वाचता येतात, हे त्यांनी सुमारे चार दशकांपूर्वी दाखवून दिले होते.

सन्मान

युइंग १९४८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. १९५६ ते १९५९ या काळात ते अमेरिकन भूभौतिकीय संघाचे अध्यक्ष होते. १९६० मध्ये भूविज्ञानातील पहिले व्हेटलेसन पारितोषिक त्यांना मिळाले. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सुवर्णपदक (१९६४), लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेचे वोलॅस्टन पदक (१९६९), रॉयल सोसायटीचे परदेशी सदस्यत्व (१९७२) आणि अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक हे त्यांचे इतर प्रमुख सन्मान होत. अमेरिकन भूभौतिकीय संघ व अमेरिकी नौदल यांच्यातर्फे सागरविज्ञानासाठी त्यांच्या नावाचे पदक दिले जाते. तेलशोधाच्या क्षेत्रातील भूभौतिकीविज्ञांच्या संस्थेचे सर्वोच्च पदकही त्यांच्याच नावाचे आहे. लॅमाँट-डोहर्टी वेधशाळेने १९९० ते २००५ या काळात चालवलेल्या भूकंपीय सर्वेक्षण जहाजाला 'मॉरिस युइंग' हे नाव देण्यात आले होते.